दुसऱ्याचे डबे

एकदा एका विद्यापीठातील एक प्रयोगशाळा, जी सर्व विभाग मिळून वापरत, ऐन मे महिन्याच्या दुपारी संकटात सापडली.

ती प्रयोगशाळा एका वृद्ध आचार्यांनी उभारली होती. ते निवृत्त झाल्यावर तिची जबाबदारी त्यांची विद्यार्थिनी भार्गवी हिच्याकडे आली. भार्गवी न्यायी होती. महागडी यंत्रे सगळ्यांची, तेव्हा कोणावर अन्याय नको, या विचाराने तिने प्रत्येक विभागाला वापराचे तास समान वाटून दिले. उणे ऐंशी अंशांवर चालणारे दोन मोठे फ्रीझर होते, त्यांतले कप्पेही समान दिले. तरी भांडणे थांबेनात. कोणाचा डबा कोणाच्या कप्प्यात सरकला, एवढ्यावरून दोन विभागांचे बोलणे बंद होई. समान वाटूनही माणसे असंतुष्ट का, हे तिला उमगत नव्हते.

त्या दुपारी एका फ्रीझरची इशाऱ्याची घंटा वाजू लागली. कॉम्प्रेसर बंद पडला होता. दुरुस्तीचा माणूस दुसऱ्या गावाहून यायचा होता. त्याला संध्याकाळ होणार होती. बाहेरचा उन्हाळा असा, की तोवर आतले सगळे वितळले असते. दुसरा फ्रीझर चालू होता, पण त्यात जेमतेम एक कप्पा मोकळा होता.

बातमी पसरताच माणसे धावत आली. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नानिवडेकर बिघडलेल्या फ्रीझरच्या दारावर हात ठेवून उभे राहिले. "आमचं सामान आधी जाईल," ते म्हणाले. "हा फ्रीझर आमच्या विभागाच्या प्रकल्पातून आलाय."

"सर, माझे रक्ताचे नमुने आहेत," रेश्मा तडवी म्हणाली. ही संशोधक मुलगी सातपुड्याच्या पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अभ्यास करीत होती. "ते गेले तर माझं काम संपलं."

"काम सगळ्यांचंच आहे," नानिवडेकर म्हणाले.

आणखी दोघातिघांनी आपापले म्हणणे मांडले. प्रत्येकाचा प्रत्येक डबा मोलाचा होता. भार्गवीने मोकळा कप्पा समान वाटायचे मनात योजले. पण मग प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार डबे येणार आणि बाकीचे जाणार. इतक्यात गलका ऐकून ग्रंथालयात बसलेले आचार्य तिथे आले. तिने त्यांना बाजूला नेऊन सारे सांगितले. "सर, मी कोणाला आधी आणि कोणाला नंतर म्हणू?"

आचार्य फ्रीझरजवळ गेले. मग सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दार बंद आहे तोवर थंडावा आहे. घाई नको. फक्त एक करा. कोणीही स्वतःच्या डब्यांना हात लावायचा नाही. प्रत्येकानं दुसऱ्याचे डबे हलवायचे, त्याला विचारून. नानिवडेकर, तुम्ही या मुलीचे हलवा. ती तुमचे हलवील."

सगळे गोंधळले. नानिवडेकरांना तर राग आला. "सर, ही वेळ असले प्रयोग करायची आहे का?"

"दुसरा उपाय सुचत असेल तर सांगा," आचार्य शांतपणे म्हणाले.

रेश्माने जाड हातमोजे चढवले. ती नानिवडेकरांकडे वळली. "सर, तुमचे कुठले आणू?"

"सगळे."

"आणते. पण आधी कुठले? दार फार वेळ उघडं ठेवता येणार नाही."

नानिवडेकर काही बोलणार होते, ते थांबले. समोर एक मुलगी स्वतःचे नमुने सोडून त्यांच्यासाठी हात पुढे करून उभी होती. तिला काय सांगावे, याचा त्यांना प्रथमच विचार करावा लागला. "वरचे राहू देत," ते सावकाश म्हणाले. "ते जुन्या विद्यार्थ्यांचे आहेत. प्रबंध कधीच झाले. त्यातली झाडं इथं आवारातच आहेत, पाला पुन्हा मिळेल. खाली डावीकडे एक निळा डबा आहे, तेवढा आण. कोकणातल्या एका कातळसड्यावरची वनस्पती आहे ती. तिथं आता खाण झाली. पुन्हा मिळायची नाही."

"एवढाच?"

"एवढाच. आणि तुझे कुठले?"

"लाल खुणेचे, सर. ज्यांचं ते रक्त, ती माणसं आता हयात नाहीत. बाकीच्यांकडे मी परत जाईन. ओळखतात मला, देतील."

तिचे डबे गेली दोन वर्षे नानिवडेकरांच्या कप्प्याला लागून होते, आणि त्यात काय आहे हे त्यांनी कधी विचारले नव्हते.

दार उघडले. ज्याने त्याने दुसऱ्याचे सांगितलेले डबे उचलले आणि चालू फ्रीझरमध्ये लावले. नानिवडेकरांनी लाल खुणेचे डबे सर्वांत आत, जिथे थंडावा अधिक, तिथे सरकवले. सगळे लावून झाले तरी कप्प्यात जागा उरली होती. भार्गवीने दोनदा वाकून पाहिले. मग नानिवडेकरच म्हणाले, "हिचे उरलेलेही आणू या. उन्हाळ्यात कशाला परत डोंगर चढायला लावायचं?"

संध्याकाळी कारागीर आला, फ्रीझर पुन्हा चालू झाला. वरच्या जुन्या डब्यांतले नमुने वितळले होते. त्यांच्यासाठी कोणी हळहळले नाही. भार्गवी बाहेर पायरीवर येऊन बसली. आचार्य शेजारी बसले होते.

"सर, तुम्हाला माहीत होतं जागा पुरेल?"

"नव्हतं."

"मग?"

"अगं, आपलं सामान आपण उचलतो तेव्हा त्यातलं काहीच टाकवत नाही. तेच दुसरा उचलणार असला की आपल्याला त्याच्या कष्टांचा संकोच वाटतो, आणि मग खरोखर काय हवं ते तोंडून निघतं. दुसरीकडे, ज्याच्या हातात परक्याचा डबा येतो त्याला आत काय आहे ते विचारावंच लागतं. एकदा ते कळलं की तो डबा परका राहत नाही. तू कप्पे नीट वाटलेस, त्यात तुझी चूक नाही. पण आपल्या शेजारच्या कप्प्यात काय आहे, हे तिथं कोणालाच ठाऊक नव्हतं. वाटणी कितीही चोख असली तरी तेवढ्यावर माणसं एकत्र नांदत नाहीत."

"आणि कोणी तुमचं ऐकलंच नसतं तर?"

आचार्य हसले. "तर तुझी समान वाटणी होतीच की."

भार्गवीलाही हसू आले. पुढच्या आठवड्यात विभागांची बैठक भरली, तेव्हा कप्प्यांचा विषय निघण्याआधी तिने एकच विनंती केली: प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याच्या कामाविषयी बोलावे. पहिले नानिवडेकर उभे राहिले आणि म्हणाले, "सातपुड्यात एका पाड्यावर एक म्हातारी होती. लाल खुणेच्या एका डब्यात तिचं रक्त आहे. तिच्याविषयी सांगतो."

रेश्मा मान खाली घालून ऐकत होती. त्यांनी एकही गोष्ट चुकीची सांगितली नाही.