चाकाची विचारपूस

माळावरच्या एका गावात आकाशपाळणेवाल्यांची सहा घरं होती, आणि सहाही घरांना चाकं होती. वर पत्र्याचं छप्पर, आत खाट, चूल आणि देव्हारा. पुढे ट्रॅक्टर जोडला की घर चालू लागायचं. टपावर आणि पोटाखाली पाळण्याचं लोखंड बांधलेलं असायचं, त्यामुळे भारही काही थोडाथोडका नसायचा. पावसाळा माळावर काढायचा आणि उरलेले आठ महिने जत्रांमागे फिरायचं, असा या लोकांचा संसार होता.

त्यातलं एक घर दगडूचं होतं. घरात त्याची बायको सगुणा आणि म्हातारी आई बायजाबाई. बायजाबाईंचे पाय गेले होते. घर चालत असतानाही त्या आतल्या खाटेवर पडून असत आणि खिडकीतून सगळ्या जगाला सल्ले देत.

या लोकांची एक रीत होती. निघायच्या दिवशी चाकांना हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, आणि एकदा पूजा झाली की मुक्कामाचा कळस दिसेपर्यंत चाकाला हात लावायचा नाही. हात लावला की चाक रुसतं म्हणे. हे सांगायचे ताफ्याचे मुकादम येसबा. माणूस वाईट नव्हता. फक्त स्वतःचा आवाज त्यांना फार आवडायचा, आणि वयाने मोठे म्हणून कोणी उलटून बोलत नसे.

सगुणाच्या बापाचं हमरस्त्यावर पंक्चरचं दुकान होतं. तिचं लहानपण टायरांच्या ढिगाऱ्यात गेलं होतं. रुसलेलं चाक तिने एकही पाहिलं नव्हतं. ज्यांची कोणी विचारपूसच केली नाही अशी मात्र शेकड्याने पाहिली होती. तरी गेल्या साली ती मोठ्यांच्या भिडेला बळी पडून गप्प बसली. कमी हवेचं टायर भर उन्हात फुटलं आणि भैरोबाच्या जत्रेला पोचायला उशीर झाला.

भैरोबाच्या जत्रेचा नियम मोठा कडक होता. दिवस मावळताना देवळावर निशाण चढायचं. त्याआधी जो मैदानात आला त्याचा पाळणा लागणार, मागून आला तो वेशीबाहेर राहणार. सलग दोन साल जो बाहेर राहील त्याची जागा दुसऱ्याला जायची, आणि ती कायमची. एक साल तर गेलं होतं. भैरोबाची जत्रा हातची गेली तर दगडूच्या घराला उरलेलं वर्ष कोणी विचारणार नव्हतं.

या साली सगुणाने भीड सोडली. निघायच्या पहाटे, चाकं गार असताना, तिने चारी टायरांची हवा मीटर लावून मोजली. मग पूजा केली. आणि वाटेत जिथे जिथे ताफा पाण्याला थांबला, तिथे तिथे ती उतरून प्रत्येक चाकाच्या तुंब्याला हाताची पाठ लावू लागली. तुंबा म्हणजे चाकाच्या मधोमध आसावर फिरणारं लोखंडी गाडगं. आसाला ताप आला की आधी तो तिथे कळतो. पाच आकडे म्हणेपर्यंत हात टेकवता आला तर सगळं ठीक, असं तिच्या बापाने शिकवलं होतं.

ते बघून बाकीच्या घरांतली माणसं पोट धरून हसली.

येसबा म्हणाले, "चाकाची नाडी बघती व्हय गं? डागदरीण झालीस की!"

"नाडी बघितली की औषिद स्वस्तात पडतं, मामा," सगुणा म्हणाली आणि पुढच्या चाकाकडे वळली.

दुपारी दगडूने टायरवर थाप मारली. टायर टणक झालं होतं. थोडी हवा सोडावी म्हणून तो खाली वाकला.

सगुणा ओरडली, "अहो, नको! उन्हानं आणि पळण्यानं फुगलीया ती. गार चाकावर मोजली तीच खरी हवा. आता सोडली तर चाक उपाशी पडंल आणि जास्तच तापंल." दगडूने हात मागे घेतला.

तिसऱ्या प्रहरी ताफा घाटाच्या खिंडीत आला. इथून पुढे उतार, आणि उतार संपला की भैरोबाचं मैदान. वाट तासाभराची. सगुणाने हाताची पाठ लावली. तीन चाकं कोमट होती. मागच्या डाव्या चाकाला मात्र 'एक' म्हणायच्या आतच हात झटकन मागे आला.

"हे चाक खोलल्याबिगर घर हलणार न्हाई," ती म्हणाली.

येसबांनी डोळे वटारले. "पूजलेलं चाक खोलणार? अगं, ऊन बघ केवढं हाय. लोखंड तापणारच!"

"मामा, ऊन चारी चाकांवर सारखंच पडतंय. तापलंय एकच."

यावर येसबा आणखी मोठ्याने बोलले, "ताफा कुणासाठी थांबणार न्हाई!"

दगडू रडकुंडीला आला. "सगुणे, तासाभराची तर वाट. औंदा राहिलो तर जागा कायमची जाईल गं."

सगुणाला ते ठाऊक नव्हतं थोडंच? तिलाही रडू येत होतं. पण तिने उताराकडे पाहिलं. उतारावर मागचं घर पुढच्या ट्रॅक्टरला ढकलतं. तिथे चाक जाम झालं तर घर दरीच्याच वाटेला लागतं. मग तिने खिडकीकडे पाहिलं. आत सासूबाई पदराने वारा घेत होत्या.

"जागा गेली तर दुसरी बघू," ती म्हणाली. "आत्याबाई दुसऱ्या कुठनं आणू?"

खिडकीतून लगेच आवाज आला, "दगडू, ती म्हणती तसं कर! आत मी झोपलीया, येसबा न्हाई!"

पाच ट्रॅक्टर धूळ उडवीत उताराला लागले. जाता जाता कोणीतरी 'वरातीमागून घोडं' म्हणून ओरडलंही. घर घसरू नये म्हणून दगडूने चाकांना दगडांची अडण लावली, जॅक लावून घर उचललं. सगुणाने तुंबा खोलला. आतलं वंगण वाळून काळी खपली झाली होती. पण बेअरिंग अजून शाबूत होतं. अर्धा कोस आणखी चालतं तर तेही गेलं असतं. तिने सगळं रॉकेलने धुतलं, नवं वंगण बोटांनी ठासून भरलं, चाक चढवलं. या सगळ्यात सव्वा तास गेला. थोडं अंतर चालवून ती पुन्हा उतरली. आता चारी चाकं सारखीच कोमट होती. तिच्या जिवात जीव आला.

तिसऱ्या वळणावर पाहते तो काय, सगळा ताफा वाटेत अडकलेला!

सर्वांत पुढे येसबांचं घर तिरकं होऊन रस्त्यात आडवं उभं होतं. एक चाक जाम झालं होतं, आणि तासभर ते पुन्हा पुन्हा ओढून पाहिल्याने तुंब्यातून धूर निघत होता. बाहेरचं चाक दरीपासून जेमतेम हातभर अलीकडे होतं. येसबांच्या सुनेने दोन्ही पोरांना छातीशी धरलं होतं. येसबा कळशीभर पाणी घेऊन चाकाकडे धावत होते.

"मामा, पाणी टाकू नका! तापलेलं लोखंड तडकंल!"

येसबा जागच्या जागी थांबले. त्यांनी सांगितलेलं ऐकलं आणि कळशी खाली ठेवली. बऱ्याच वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं होतं.

बाकीच्यांची हत्यारं पाळण्याच्या लोखंडाखाली गाडली गेली होती. पूजलेलं चाक खोलायचंच नाही, तर जॅक वर ठेवतो कोण? सगुणाचा जॅक मात्र दाराशीच होता. तिने जवळ ठेवलेलं जादाचं नवं बेअरिंगही होतं, कारण तिच्या चाकाला ते लागलंच नव्हतं. सहाही घरं एकाच कारागिराने एकाच मापाची बांधलेली, त्यामुळे ते येसबांच्या चाकाला नेमकं बसणार होतं.

"आधी निवू द्या," तिने सांगितलं. सहा घरांची माणसं धुमसणाऱ्या तुंब्याभोवती बसून राहिली. सूर्य समोरच्या डोंगराकडे झुकत चालला. आता एकट्या दगडूची नव्हे, सगळ्यांचीच जत्रा पणाला लागली होती. तरी सगुणाने घाई केली नाही. हात टेकवता आला तेव्हाच तिने पाना उचलला. जळकं बेअरिंग ठोकून काढलं, नवं बसवलं.

"आता निघायचं?" येसबांनी विचारलं. हुकूम सोडायची सवय असलेला माणूस विचारत होता!

"आधी सगळ्यांची चाकं बघायची, मामा."

सगळ्यांनी पाहिलं. आणखी दोन घरांची टायरं बसायला आली होती. येसबांनी स्वतः पंप हाती घेतला. सदरा घामाने चिंब झाला, तरी पंप दुसऱ्याच्या हाती दिला नाही. हवा भरून झाल्यावर ते म्हणाले, "सगुणा, तुमची गाडी पुढं घ्या. आम्ही मागनं येतो."

दगडूने ट्रॅक्टर पुढे काढला. सगुणा शेजारच्या मडगार्डवर बसली. घाटाच्या पायथ्याशी ती पुन्हा उतरली, आणि तिच्यामागे पाचही घरांची माणसं उतरून आपापल्या चाकांना हात लावू लागली. कोणी हसलं नाही.

मैदान दिसलं तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. गुरवाने निशाणाची दोरी हातात घेतली होती. ढोल घुमत होते. पहिलं घर वेशीतून आत शिरलं, मग दुसरं, तिसरं. लोक टोप्या उडवून ओरडू लागले. सहावं घर आत आलं आणि निशाण वर चढलं. दगडूने तिथेच ट्रॅक्टरवर उभं राहून आरोळी ठोकली. आतून बायजाबाईंनी त्याच्याहून मोठी ठोकली. सगुणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि ती हसतही होती.

गुरव म्हणाला, "काय मुकादम, औंदा लई ताणून धरलंत? वाटेत थांबला व्हता का काय?"

येसबांनी सगुणाकडे बोट दाखवलं. "ही थांबली," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्हणून आम्ही पोचलो."

तात्पर्य: ज्याच्यावर आपला सगळा भार आहे, त्याची नुसती पूजा करून भागत नाही, वेळोवेळी थांबून त्याची विचारपूस करावी लागते, आणि त्यात गेलेली घटका कधी वाया जात नाही.