चकव्याचा होकार

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर रुसला. कारण ऐकाल तर हसाल. त्याच्या कामात कोणालाही एकसुद्धा चूक सापडली नव्हती, आणि तेवढ्यावरूनच गुरूंनी ते काम नाकारलं होतं.

हे काम कसलं, ते आधी सांगतो. कारण हे गुरू काही वडाखाली बसणारे नव्हते. ते राहत घाटमाथ्यावरच्या एका गावात. तिथे श्रावणात धुकं इतकं दाट उतरतं की बायका धुतलेले कपडे दोरीऐवजी धुक्यावरच वाळत टाकतात. विश्वास ठेवू नका हवं तर. माझा स्वतःचा एक पंचा त्यात गेलेला आहे. तर अशा गावात बसून गुरुजी एक ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळत. यंत्राला जागं करणारा, कामाला लावणारा, हातपाय केव्हा हलवायचे आणि केव्हा आवरायचे हे सांगणारा जो मूळ प्रोग्राम असतो, तो. त्यावर कोणाची मालकी नव्हती. ज्याला वाटेल त्याने तो उघडून वाचावा, फुकट वापरावा, आणि कुठे फाटलेलं दिसलं तर दुरुस्ती सुचवावी. या दुरुस्तीला ती मंडळी पॅच म्हणत. म्हणजे आपलं ठिगळच.

ठिगळ आणणाऱ्याने ते मेलने सर्वांना पाठवायचं, सर्वांनी ते उलटंसुलटं करून पाहायचं, खोडी काढायच्या, यथेच्छ भांडायचं, आणि भांडण मिटलं की गुरुजींनी ते मूळ वस्त्राला शिवायचं, अशी रीत होती. खोडी काढणारे गावोगावी विखुरलेले. त्यांत अग्रणी नाशिकच्या वाकनीसबाई. ओळीत एक मोकळी जागा जास्त पडली तरी बाईंचं पत्र येई. आणि दुसरा भंडाऱ्याकडचा उईके नावाचा तरुण. तो कधीही चूक दाखवत नसे, फक्त विचारी, "हे कशासाठी?" या दोन शब्दांनी भल्याभल्यांची ठिगळं उसवली होती.

मग गुरुजींच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. वैद्यांनी पडद्यासमोर बसायला मनाई केली आणि सारा कारभार शिष्याकडे आला. शिष्य हुशार होता, हे त्याला स्वतःला फार लवकर समजलं होतं. त्याने शिस्त आणली. वाकनीसबाईंना त्याने सर्वांदेखत लिहिलं, "मोतीबिंदू काढून घ्या, म्हणजे मोकळ्या जागा कमी दिसतील." उईकेला लिहिलं, "समजत नसेल तर गप्प बसायला शिका." आणि शेवटी एक फर्मान काढलं: ज्यांच्याकडे मुद्द्याचं काही नसेल त्यांनी वेळ न घालवता एवढंच लिहावं, 'पाहिले. हरकत नाही.'

आणि काय आश्चर्य! भांडणं थांबली. शिष्याने ठिगळ पाठवावं आणि एकामागून एक उत्तरं यावीत. पाहिले, हरकत नाही. पाहिले, हरकत नाही. देवळात आरतीनंतर माणसं ओळीने तीर्थ घेतात ना, तशी. शिष्याला वाटलं, रामराज्य आलं.

त्याच सुमारास त्याने आपलं सर्वांत आवडतं ठिगळ लिहिलं. त्यांच्या गावापलीकडच्या डोंगरावर देवीचं ठाणं आहे आणि तिथे जायला रोपवे आहे. त्या रोपवेचं यंत्र याच सिस्टिमवर चालत असे. वारा वाढला की पाळणा थांबे तो थांबेच. वारा पडल्यावरही बराच वेळ दरीवर लटकत राही. शिष्याची आई एकदा तशी लटकली होती. उतरल्यावर म्हणाली होती, "तू एवढा शिकलास, त्या पाळण्याला जरा घाई करायला शिकव की." म्हणून हे ठिगळ: वारा शांत झाल्याबरोबर ब्रेक सुटावा आणि पाळणा पूर्ण वेगाने निघावा. येत्या सोमवारी जत्रा सुरू होत होती. त्याआधी रोपवेवर नवी आवृत्ती चढायची होती, आणि सोमवारच्या पहिल्या पाळण्यात आईची जागा ठरलेली होती.

गुरुजींची दृष्टी तोवर परतली होती. शिष्याने अभिमानाने पडदा त्यांच्याकडे वळवला. खाली होकारांची रांग. गुरुजींनी ठिगळ वाचलंच नाही. ते ती रांगच पाहत राहिले.

"वाकनीसबाईंनी काही काढलं नाही?"

"नाही."

"मोकळी जागासुद्धा नाही?"

"नाही, गुरुजी. म्हणजे किती निर्दोष असेल बघा!"

"मग हे आपल्याला घेता यायचं नाही," गुरुजी म्हणाले.

शिष्य रुसला तो इथे. "चूक आहे म्हणून नाकारलं असतंत, तर समजलो असतो," तो म्हणाला. "चूक नाही म्हणून नाकारता? सोमवारी आईला काय तोंड दाखवू?"

गुरुजींनी वाद घातला नाही. म्हणाले, "एक कर. तुझ्या नावाने आणखी एक ठिगळ पाठव. मी सांगतो ते लिही. अळूची पानं धुऊन बारीक चिरावीत."

"काय?"

"देठ सोलून घ्यावेत. हात खाजतील, चिंच लावावी. लिहितोयस ना? शेंगदाणे, चण्याची डाळ आणि मुळा घालून शिजवावं. मीठ चवीनुसार. खाली लिही, कृपया तपासावे."

शिष्याला वाटलं, डोळ्यांची भूल म्हाताऱ्याच्या डोक्यात उतरली. तरी गुर्वाज्ञा म्हणून त्याने अळूचं फदफदं साऱ्या देशात धाडून दिलं. मनात म्हणाला, आता बाई सोलून काढणार.

खिडकीबाहेर भर दुपारी अंगणातली तुळस दिसत नव्हती. यंत्राचा बारीक आवाज झाला. पहिलं उत्तर आलं. वाकनीसबाई: पाहिले. हरकत नाही.

मग उईके: पाहिले. हरकत नाही. मग तिसरा, मग चौथी. त्याच क्रमाने, तितक्याच अंतराने, कोणीतरी टाळ धरावा तशी उत्तरं आली. शिष्य हसायला गेला आणि ते हसू अर्ध्यावर राहिलं.

"आता तू स्वतः विचार," गुरुजी हलकेच म्हणाले.

शिष्याने लिहिलं, 'ब्रेकचा सर्व भाग काढून टाकत आहे.'

पाहिले. हरकत नाही. पाहिले. हरकत नाही.

त्याने लिहिलं, 'तुम्ही हे वाचत आहात का?'

पाहिले. हरकत नाही.

मान वळवून त्याने उगाचच खोलीत पाहिलं. रिकाम्या खुर्च्या. उघड्या दारातून धुकं आत येऊन बसलेलं. त्याने शेवटचं लिहिलं, 'तिथे कोणी आहे का?'

यंत्र वाजलं. सगळे एका सुरात म्हणाले, पाहिले. हरकत नाही.

शिष्य खुर्ची मागे सारून उठला. "गुरुजी, हे कोण आहेत?"

गुरुजी म्हणाले, "आमच्या लहानपणी या रानात चकवा असे. लोकांना वाटतं चकवा हाताला धरून ओढतो. त्याला तेवढे कष्ट नसतात. वाटसरू धुक्यात विचारतो, वाट हीच ना? तो म्हणतो, हो. फिरून वाटसरू त्याच जांभळीपाशी येतो, पुन्हा विचारतो, हीच ना? तो म्हणतो, हो. दमून कड्यावरून पाय घसरेपर्यंत तो होच म्हणतो. म्हणून जाणती माणसं रानात मुद्दाम वेड्यासारखं विचारत, सूर्य पश्चिमेला उगवतो ना रे? पलीकडे माणूस असेल तर शिवी देईल. शिवी ऐकू आली की आमचे वडील म्हणत, चला, गाव जवळ आलं."

शिष्याने वाकनीसबाईंना फोन लावला.

"कोण?"

"बाई, मी. गुरुजींकडचा."

"अगंबाई, साक्षात महाराज! आज काय चुकलं आमचं?"

"बाई, तुम्ही माझा पॅच वाचलात?"

"वाचला की. हरकत नाही."

"बाई, तुम्ही अळूच्या फदफद्यालाही हरकत नाही म्हणालात."

बाई खो खो हसल्या. "अरे, तू दिलेलेच शब्द! तुझं नाव दिसलं की ते आपोआप पाठवणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहून ठेवला. माझ्या मोतीबिंदूला तेवढाच आराम. मग उईकेने मागितला, मग बाकीच्यांनी. सगळ्यांना दिला. शेतात बुजगावणं उभं करतात ना, तसं एकेक तुझ्यापुढे उभं करून आम्ही आपापल्या कामाला लागलो."

"गुरुजींना का नाही सांगितलंत?"

"डोळे सांभाळत होते ते. आणि खरं सांगू? तू कधी ओळखतोस ते मी बघत होते. तू तर खूष दिसलास."

शिष्य म्हणाला, "बाई, सोमवारी माझी आई त्या पाळण्यात बसणार आहे."

हसू थांबलं. चष्म्याच्या डबीचा आवाज आला. "फोन ठेवू नकोस," बाई म्हणाल्या. "वाचते."

त्या वाचत असताना मध्येच पुटपुटत होत्या, आणि प्रत्येक पुटपुटीला शिष्याला धीर येत होता. मग त्या थांबल्या.

"वारा शून्य झाला की पाळणा सोडायचा, असं लिहिलंयस."

"हो."

"वारा किती, हे यंत्राला कोण सांगतं?"

"खांबावरची भिंगरी."

"आणि वादळाने ती भिंगरीच मोडून नेली, तर ती किती वारा सांगेल?"

"शून्य."

"मग तुझा पाळणा काय करेल?"

शिष्याला धुक्यातून, भिंगरी उपटून नेणाऱ्या वादळात, दरीवरून पूर्ण वेगाने सुटलेला पाळणा दिसत होता, आणि त्यात मांडीवर ओटीचा नारळ धरून बसलेली आई.

फोन ठेवल्यावर गुरुजी एवढंच म्हणाले, "भिंगरी बोलत नाही म्हणजे वारा नाही, असं तू यंत्राला शिकवलंस. बाळा, जे आपण शिकलेलो असतो तेच आपण शिकवतो."

सोमवारी रोपवेवर जुनीच आवृत्ती राहिली. वारा सुटला, पाळणा रीतीप्रमाणे लटकला, आणि वर पोचताच आईने फोन करून मुलाचा उद्धार केला. "एवढासा पाळणा हलवता येत नाही मेल्याला!" शिष्याने तो उद्धार अगदी शेवटपर्यंत, मन लावून ऐकला.

मग त्याने एकेकाला फोन केले आणि क्षमा मागितली. कोणी ऐकवलं, कोणी हसण्यावारी नेलं. एकेक बुजगावणं निघालं. पुढच्या ठिगळावर वाकनीसबाईंनी इतक्या खोडी काढल्या की शिष्य आनंदाने नाचायचा तेवढा राहिला. पण त्या खोडींच्या मध्ये एक उत्तर तसंच आलं. उईके: पाहिले. हरकत नाही.

उईकेचा फोन लागत नव्हता. बऱ्याच खटपटीने घरचा नंबर मिळाला. त्याच्या आईने उचलला.

"तो तं याच उन्हाळ्यात गेला, बाप्पा," ती म्हणाली. "ताप डोक्यात गेला."

मग तीच म्हणाली, "त्याचं कम्प्युटर चालूच आहे पाहा. लाइन गेली का बंद होते, आली का आपल्यानं सुरू होते. लाइट लुकलुकते, तं वाटते पोरगा काम करून राह्यला. बंद करू का? तुमाले तरास होते का?"

"नाही," शिष्य घाईने म्हणाला. "राहू द्या, आई. मुळीच बंद करू नका."

त्याने गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणाले, "त्याला तू गप्प बसायला शिकवलं होतंस." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते शिष्याला अधिक लागलं.

तो शिष्य आज स्वतः ती सिस्टिम सांभाळतो. त्याची एक सवय नव्या मुलांना विचित्र वाटते. सगळ्यांची भांडणं मिटतात, ठिगळ शिवायला घेतो असं शिष्य सर्वांना मेलने कळवतो, आणि भंडाऱ्याहून एका मेलेल्या माणसाचा होकार येतो. तो आला की शिष्य सुई खाली ठेवतो आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागतो. वाचताना ओठ हलतात. जवळ बसलेल्यांना ऐकू येतं, तो स्वतःलाच विचारत असतो, "हे कशासाठी?"

आज घरी गेल्यावर तुमच्या बोलण्याला आतल्या खोलीतून "हं" आलं, तर एकदा उठून बघा, ते कोण म्हणालं.