विश्रामचा हिरवा आकडा

नदीकाठच्या एका गावात एक मोजणीदार राहत होता. त्याचं नाव विश्राम पांचाळ. तिथल्या कारखान्यात लोखंडी चाकं तयार होत आणि विश्राम ती यंत्रावर तपासून पाही. यंत्राला एक बारीक सुई होती, तिच्या टोकाला मोहरीएवढा मणी. मणी चाकावरून फिरू लागला की पडद्यावर आकडा पळायचा. या क्षणी सुई ड्रॉइंगमधल्या, म्हणजे जसं हवं तसं आखलेल्या, चाकापासून किती दूर आहे, ते तो आकडा सांगायचा. जवळ असेल तर हिरवा, भरकटली तर लाल. विश्राम "हिरवं" म्हणाला की सारं गाव डोळे झाकून विश्वास ठेवी. त्याचा त्याला जरा तोराही होता.

विश्रामचा धाकटा भाऊ मुकुंद नदीवरचा पाळणा चालवायचा. पलीकडे जायला तारेवरच्या या पाळण्याशिवाय दुसरी वाट नव्हती. पाळण्याचं चाक झिजलं आणि येणंजाणं थांबलं. नवं चाक तयार झालं, तेव्हा मुकुंद कारखान्याच्या दारातच येऊन बसला.

"दादा, पलीकडे माणसं अडकलीत. एक बाई अवघडलेली आहे. आजच चाक दे रे."

विश्रामने सुई फिरवली. तार जिच्यात बसते त्या खाचेच्या एका बाजूला आकडा लाल झाला. पुन्हा फिरवली, पुन्हा लाल. चाक नव्याने ओतायचं तर आणखी कितीतरी दिवस जाणार होते.

यंत्रात एक सोय होती. सुईची जागा कशाशी ताडून पाहायची, ते मोजणाऱ्याने निवडायचं. विश्रामचा हात घुटमळला. मग त्याने ड्रॉइंगमधलं चाक काढलं आणि नुकतंच याच चाकावरून घेतलेलं माप तिथे बसवलं. आता चाक स्वतःशीच ताडलं जात होतं. सुई फिरली आणि सगळीकडे हिरवं झालं. ते पाहून त्याला चक्क हायसं वाटलं.

"झालं?" मुकुंदने विचारलं.

"झालं. घेऊन जा."

"तू बघितलंस ना, मग मला काळजी नाही."

पाळणा सुरू झाला. अवघडलेली बाई सुखरूप अलीकडे आली. लोकांनी विश्रामचे गोडवे गायले. तार मात्र रोज त्या वाकड्या बाजूला घासत होती. एके दिवशी मुकुंद रिकामा पाळणा घेऊन निघाला आणि भर नदीवर तार खाचेतून निसटून पाळणा पाण्यात कोसळला. मुकुंदचा देह खालच्या डोहात सापडला.

पाण्यातून काढलेलं चाक विश्रामने यंत्रावर चढवलं. या वेळी ड्रॉइंगशी ताडलं. तीच बाजू, तोच लाल आकडा.

घरी आई भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, "विश्राम, चाक तू मोजलं होतंस ना?"

"हो आई, मोजलं होतं."

"मग तुझी काही चूक नाही, बाळा. त्याचं आयुष्यच तेवढं होतं."

विश्रामला खरं सांगायचं होतं. पण आईचा सगळा धीर त्याच्या त्या एका "हो"वर उभा होता. तो तसाच तिच्या पायाशी बसून राहिला. पुढे आई गेली, तरी खरं सांगायचं राहूनच गेलं.

तात्पर्य: वस्तू स्वतःशीच ताडली तर ती नेहमी बरोबरच ठरते. माप बदलून लाल आकडा हिरवा करता येतो, पण गेलेला माणूस परत आणता येत नाही.