जीव मोठा की मध?

सकाळी आठचा सुमार. ठिकाण, ओढ्याकाठचे उंबराचे झाड. त्या झाडाखाली एका बगळ्याचा दवाखाना होता आणि जंगलातले प्राणी आपापली पाळीव लेकरे घेऊन रांगेत उभे होते. माकडाने नाकतोडा आणला होता, सशाने गोगलगाय. सर्वांत पुढे एक अस्वल छातीशी कासव धरून बसले होते. कासवाने कित्येक दिवस अन्नाला शिवले नव्हते. कितीही लाडीगोडी लावली तरी ते तोंड उघडेना, आणि इकडे अस्वलाचा जीव टांगणीला लागला होता.

मुलांनो, त्या जंगलात एक विचित्र रीत होती. दवाखान्यात भाव विचारायचा नाही. जो विचारेल त्याची आपल्या जनावरावर मायाच नाही, असे सगळे धरून चालत. ही रीत कोणी पाडली ते कोणालाच आठवत नव्हते. फायदा मात्र बगळ्याचा होत होता.

बगळ्याने कासवाची पाठ पाहिली आणि अस्वलाने आणलेल्या मधाचे एक पोळे ठेवून घेतले. मग पोट पाहिले. आणखी एक पोळे गेले. कासवाला उलटे केल्याचे वेगळे आणि पुन्हा सुलटे केल्याचेही वेगळे! शेवटी मान वेळावून तो म्हणाला, "केस अवघड आहे. हिवाळ्यासाठी ठेवलेला सगळा मध आणा, मग तोंड उघडून बघतो."

अस्वल निघाले आणि वाटेतच थबकले. सगळा मध आज दिला आणि हे पोर उद्या पुन्हा आजारी पडले, तर द्यायचे काय? ते माघारी वळले. "वैद्यबुवा, नुसतं तोंड उघडून बघायचे किती?"

रांगेतल्या सगळ्या माना अस्वलाकडे वळल्या. "शी! भाव विचारतोस?" बगळा पंख झाडत ओरडला. "जीव मोठा की मध?"

"जीवच मोठा. म्हणून तर विचारतोय. मध असा उधळला, तर पुढच्या दुखण्याला कुठून आणू?"

मागून ससा चाचरत म्हणाला, "अस्वलदादा, उलटं-सुलटं केल्याचे कंद माझ्याकडूनही घेतले होते. गोगलगायीचे!"

"आणि माझ्याकडून नाकतोड्याचं शेपूट तपासल्याचे फणस!" माकड उसळले.

"अरे, नाकतोड्याला शेपूट असतं कुठे?" अस्वलाने विचारले.

रांग खो खो हसली, आणि हसता हसता तिचे बगळ्याभोवती कडे झाले. जो तो आपण काय दिले ते मोठ्याने सांगू लागला. बगळ्याने घसा खाकरला. "बरं बरं. आधी घेतलंय त्यातच धरू." त्याने चोच आत घातली आणि कासवाच्या टाळ्यात रुतलेला बोरीचा काटा अलगद उपसला. आनंदाच्या भरात अस्वलाने झाडालाच मिठी मारली, उंबरे टपाटप खाली पडली आणि कासव त्यांच्यावर तुटून पडले.

आता तिथे तपासणीआधी भाव मोठ्याने सांगावा लागतो. बगळा कसबी आहे, हे कोणी नाकारत नाही. पण बगळा मासे सोडून काहीच खात नाही. मग इतक्या वर्षांचा मध, फणस आणि कंद गेले कोणाच्या गुहेत? हा प्रश्न सिंहाच्या भर दरबारात विचारला गेला. सिंहाने अजून उत्तर दिलेले नाही.

तात्पर्य : उपचाराचा भाव विचारल्याने माया कमी होत नाही; जो विचारू देत नाही, तो मायेचाच धंदा करत असतो.