मसाल्याच्या दिवशी त्रैक्य

“मग बर्फ, पाणी, वाफ घ्या, फादर. वस्तू एक, रूपं तीन. यात तरी तुम्हाला खोट सापडायची नाही.”

फादर ज्योकीम तुस्कानोंनी हातातलं मुसळ उखळात घातलं, उचललं, आणि विचारलं, “योहानाने येशूला बाप्तिस्म्यासाठी नदीत बुडवलं, तेव्हा वरून देवबापाचा आवाज आला ना रे?”

“आला.”

“कुठून? वाफेतून?”

फादरांची बहीण नाताळबाय अशी हसली, की तिचं मुसळ चुकता चुकता राहिलं.

लवकरच फादर होणाऱ्या डिकन सिप्रियन लोपीसचा चेहरा उतरला. सेमिनरीत देवज्ञानाच्या परीक्षेत पहिला आलेला गडी. दुसऱ्या दिवशी त्रैक्याचा रविवार, म्हणजे बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन मिळून देव एकच, त्याचा सण, आणि आपल्याच गावच्या चर्चमध्ये त्याचं पहिलं प्रवचन. त्याच्या वडिलांनी तर वसईच्या अख्ख्या बाजारात सांगून ठेवलं होतं, उद्या माझा पोरगा देव उलगडून दाखवणार आहे. उलगडा तयार होता. म्हाताऱ्या फादरांनी एकदा मान डोलावली, की झालं.

पण म्हातारा सापडला तो बहिणीच्या अंगणात, लुंगी खोचून. पावसाआधीचा शेवटचा मसाला. फादर मिरच्या कांडायला लागले, की भर समुद्रात होड्यांवरचे कोळी शिंकतात, असं गावात सांगतात. आणि गावातली माणसं फार खोटं बोलत नाहीत.

लाकडी उखळ एक. भोवती तिघं: फादर, नाताळबाय आणि तिची सून एमिलीन. एक मुसळ खाली, दुसरं अर्ध्यात, तिसरं वर. धम, धम, धम. आणि त्यावर गाणं.

“बरं, बर्फ सोडा. तीन दळांचं पान. देठ एक, दळं तीन.”

“एक दळ शेळीने खाल्लं, तर उरलेल्या देवावर भागवायचं का?”

“मग सूर्य. सूर्य, त्याचा उजेड, त्याची ऊब...”

“ऊब नको ओ ब्रदर,” एमिलीन कपाळाचा घाम पुसत म्हणाली. “निदान पाऊस पडेपर्यंत तरी.”

सिप्रियनच्या पोतडीत एवढंच होतं. उद्या चर्चभर माणसं तोंडाकडे बघत बसतील, पहिल्या बाकावर वडील असतील, आणि आपण...

“फादर, थट्टा पुरे. तुम्हीच सांगा. तीन आहेत, की एक?”

फादरांचं मुसळ पडत राहिलं. धम, धम, धम...

मग त्यांनी हनुवटीने कुडाकडे खूण केली. तिथे आणखी एक मुसळ टेकवून ठेवलं होतं.

“घे. ये आत.”

“इथे जागा तिघांचीच आहे.”

“ये तर खरं.”

सिप्रियनने बाह्या सारल्या. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं. त्याने मनात मोजलं. पहिलं फादरांचं, दुसरं नाताळबायचं, तिसरं सुनेचं, चौथं आपलं.

खट्ट.

मुसळ मुसळावर आपटलं. लाल धुरळा उडाला.

“मोजतोय बघ मेला,” नाताळबाय म्हणाली.

पुन्हा मोजलं. पुन्हा खट्ट.

“पण सुरुवात कोण करतं, फादर? पहिलं मुसळ कुणाचं?”

“तू आलास तेव्हा चालूच होतं ना?”

“हो.”

“झालं तर.”

एवढ्यात मिरचीने आपलं काम केलं. सिप्रियनच्या डोळ्यांना धारा लागल्या. दिसेना. दिसेना म्हणून मोजता येईना. मुसळ टाकून पळावं, तर तिघांच्या तालातून बाहेर पडायची फट सापडेना. गाणं मात्र ऐकू येत होतं. एकीने ओळ सोडली, की दुसरी झेलायची, आणि तिसरा म्हातारा ती घोळवून परत पहिलीच्या पदरात टाकायचा.

तो नुसता ऐकत राहिला...

धम. धम. धम. धम.

कुठलं मुसळ पडतंय, कुठलं उठतंय, त्याला कळेना. आपलं कुठलं तेही कळेना. तीन होती, हे नक्की. चार झाली होती, हेही नक्की. ताल मात्र एकच होता, आणि त्याला कुठे ठिगळ लागलेलं नव्हतं. मध्येच कुणीतरी भलताच बेसूर ओरडून गातंय, असं वाटलं. ऐकलं, तर तो त्याचाच आवाज.

त्याला हसू फुटलं. हसताना शिंक आली. तो शिंकला तशी नाताळबाय हसली, एमिलीन हसली, फादर हसले. मुसळं काही थांबली नाहीत.

उखळ रिकामं झालं, तेव्हा सिप्रियन उंबऱ्यावर बसला होता. केसांपासून चपलांपर्यंत लाल, नाक गळतंय, आणि हसणं आवरत नाही.

मग एकदम त्याला रविवार आठवला.

“फादर... उद्या मी बोलू काय?”

फादर मसाला चाळत होते. त्यांनी वर पाहिलं, त्या लालभडक ध्यानाकडे डोळे भरून पाहिलं, आणि म्हणाले,

“असाच ये. आंघोळ करू नकोस.”