रेड्यावरचा दावा

विषय : कॉमिकमधील रेडा साहेबांसारखा दिसत असल्याबाबत.
संदर्भ : मुख्याधिकारी साहेबांचा तोंडी संताप.

सादर करण्यात येते की, नगरपालिका शाळेतील कंत्राटी चित्रकला शिक्षिका यशोदा भोईटे दर रविवारी इंटरनेटवर कॉमिक टाकत. त्यात एक रेडा खुर्चीत बसून फायलींवर डुलक्या काढी. साहेबांनी बाईंना दालनात बोलावले.

“हा रेडा म्हणजे मीच. आजच्या आज काढा, नाहीतर नोकरी विसरा.”

बाई जागच्या हलल्या नाहीत. “साहेब, हा आमच्याच हापिसातला, असं अकरा गावांतल्या वाचकांनी कळवलंय. तुमचा दावा बारावा. आपल्या कोंडवाड्यातल्या एका जनावरावर अनेकांनी हक्क सांगितला, तर काय करतात?”

साहेबांनी माझ्याकडे, म्हणजे कोंडवाड्याचे दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनाकडे, पाहिले.

“ओळखीच्या खुणा लिहून, सहीनिशी अर्ज घेतात, साहेब,” मी म्हणालो आणि नोकरीभराच्या सवयीने कोरा अर्जही पुढे केला.

“तुम्हीही खुणा लिहा,” बाई म्हणाल्या. “पटल्या, तर रेडा काढते आणि तुमचं नाव घालून माफी मागते. पण अर्जाशिवाय रेडा सोडणार नाही.”

साहेबांनी पेन उघडले. नाव लिहिले, हुद्दा लिहिला. खुणांच्या रकान्यापाशी मात्र हात थांबला. काही वेळाने त्यांनी पेनाला टोपण लावले आणि चहा मागवला.

बाईंची नोकरी चालू आहे. रेडा दर रविवारी डुलक्या काढतो. साहेबांचा अर्ज, खुणांचा रकाना कोरा असल्यामुळे, अद्याप प्रलंबित आहे.