राजाच्या हातून पडलेला पेला

राजा चाक मुयालच्या हातून त्याच्याच नावाच्या आजोबांचा पेला पडला आणि त्याचे अकरा तुकडे झाले!

चूक त्याचीच होती. माया लोकांच्या त्या नगरात कोकोचं पेय उंचावरून ओतून त्याला फेस आणत. नोकरांनी आणलेला फेस महाराजांना पुरेना. मग ते स्वतःच सिंहासनावर चढले, एका हाताने सुरई डोक्यावर धरली, दुसऱ्या हातात गुडघ्यापाशी पेला धरला आणि मान वर करून ओतू लागले. कोको सांडला तो थेट पायांवर, पाठोपाठ पेला निसटला. नेमकी त्याच वेळी सगळ्या दरबाराला छताची नक्षी फार आवडू लागली.

"पेला फुटला कसा?" राजा गरजला.

"मातीच कच्ची, महाराज!" दरबारी लेखक इत्सात चटकन म्हणाला. "एरवी आपल्या हातून काही पडेल का?"

झालं! ज्या कुंभारणीने तो पेला घडवला होता तिची नात, इशमुकुय, हिला दरबारात उभं केलं.

"येत्या पौर्णिमेला मला हाच पेला हवा," राजा म्हणाला. "नवा चालणार नाही, चिकटवलेला चालणार नाही. एक भेग दिसली, तर तुमची नदीकाठची मातीची खाण बुजवून टाकीन!"

इशमुकुयच्या गल्लीतल्या सगळ्या घरांचे रांजण, तवे, ताटल्या त्याच मातीच्या. खाण गेली तर गल्लीच उठली म्हणायची. पण ती रडली नाही.

"बरं महाराज, तुकडे तेवढे द्या. आणि एक पाटा-वरवंटा."

पाटा आला. तिने तुकडे त्यावर मांडले आणि सर्वांदेखत दणादण कुटायला लागली!

"अगं, अगं! आजोबांचा पेला तो!" राजा किंचाळला.

"तोच परत हवाय ना? मग कुटू द्या."

चुरा ओच्यात बांधून ती घरी गेली. तिथल्या बायका नव्या मातीत जुन्या खापरांचा चुरा मिसळत, म्हणजे भांडं आगीत तडकत नसे. हे घराघरातल्या पोरींना ठाऊक होतं. राजाला कुठून ठाऊक असणार? राजवाड्यात भांडी नुसती फुटत! इशमुकुयने माती मळली, वळ्या करून एकावर एक चढवल्या, हाताने गुळगुळीत केल्या, आजीची लाल नक्षी काढली आणि पेला भाजला.

पौर्णिमेला तो पेला पाहून राजाचे डोळे चमकले. इत्सातने मात्र नाक मुरडलं.

"महाराज, हा नवा आहे! जुन्याचा नुसता चुरा आत घातलाय!"

"हो का?" इशमुकुय म्हणाली. "महाराज गादीवर बसले तेव्हा तुम्हीच पायऱ्यांवरून ओरडलात ना, 'थोरले चाक मुयाल परत आले'? थोरल्यांचं थोडंसं रक्त, बाकी सगळं नवं. तरी राजा तोच! मग माझा पेला तोच का नाही? आणि पेला नवा असेल, तर महाराज कोण, तेही सांगून टाका!"

सगळे इत्सातकडे बघू लागले. इत्सात छताकडे बघू लागला.

राजाच्या कपाळावर आठी चढली. "मी आजोबाच आहे, याला पुरावा काय?"

"आहे की! माझ्या आजीच्या मातीतही चुरा होता, त्याआधीच्या राजपेल्याचा. तो थोरल्या महाराजांच्या हातून फुटला होता."

"कसा?"

"फेस पुरेना म्हणून ते सिंहासनावर चढले होते!"

राजाने आपल्या सिंहासनाकडे पाहिलं, हातातल्या पेल्याकडे पाहिलं, आणि असा खो खो हसत सुटला की पेला पुन्हा निसटायला लागला! दहा हात एकदम पुढे धावले.

"तोच पेला! आणि राजाही तोच!" डोळे पुसत राजा म्हणाला. "इत्सात, दगडावर कोर, खाण पिढ्यान्‌पिढ्या हिच्या घराण्याची! आणि ते झालं की हिच्या अंगणात जा. कच्ची माती कशी असते ते तुला फार कळतं. महिनाभर खापरं कुटत बस!"

"महाराज," जाता जाता इशमुकुय म्हणाली, "पुढचा पेला फुटला की तुकडे जपून ठेवा. घराणं चालू राहिलं पाहिजे!"